स्टे मिळाला, पैसे कधी? : उपनगरातले कामगार, मालकाची मिळकत आणि अंतरिम मनाई हुकूम

मुंबईच्या कामगारांचा इतिहास म्हटलं की आपल्यापुढे गिरणगाव उभं राहतं. लालबाग, परळ, गिरणीचा भोंगा, १८ जानेवारी १९८२ चा संप. आजच्या व्याख्यानात आपण जरा उत्तरेला सरकणार आहोत. कुर्ल्याहून लालबहादूर शास्त्री मार्गाला लागा. घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड. किंवा पश्चिमेला अंधेरी-कुर्ला रस्ता, मरोळची एमआयडीसी, गोरेगाव, बोरिवली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत या पट्ट्यात इंजिनियरिंगचे, औषधांचे, रसायनांचे, कृत्रिम धाग्याचे, मोटारींचे कारखाने उभे राहिले. त्यांतल्या बऱ्याच जागांवर आज मॉल, टॉवर नाहीतर आयटी पार्क दिसतात. गोरेगावात निरलॉनचा धाग्याचा कारखाना होता, तिथे आज निरलॉन नॉलेज पार्क आहे. नावसुद्धा बदललं नाही, काम मात्र सगळं बदललं.

कारखाना आणि टॉवर यांच्या मधला जो काळ आहे, तो आपला आजचा विषय. उत्पादन थांबलंय. तीन-चार महिन्यांचा पगार थकलाय. पीएफ भरला जात नाही. आणि एक दिवस गेटवर बातमी येते की शेठ जमीन विकतोय, रात्री ट्रक लावून मशीन बाहेर काढतोय. त्या क्षणी युनियनच्या ऑफिसात एकच वाक्य ऐकू येतं : "आधी स्टे घ्या."

हा स्टे, म्हणजे मालकाने मिळकत विकू नये, गहाण टाकू नये, हलवू नये असा अंतरिम मनाई हुकूम, कामगाराला कुठल्या कोर्टात मिळत होता? कशाच्या जोरावर? आणि मिळाल्यावर हातात नेमकं काय येत होतं? गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलं तर उत्तर साधं आहे, पण कडू आहे. मनाई हुकूम मिळकतीला जागच्या जागी उभं करतो. त्या मिळकतीवर कामगाराचा हक्क मात्र तो बसवत नाही. स्टेमुळे मिळालेल्या वेळात ज्यांनी दुसरं काही पक्कं केलं, त्यांच्या हातात पैसे आले. ज्यांनी स्टेलाच विजय मानला, त्यांच्याकडे बहुधा कागद उरला.

घाई कशासाठी?

थोडा हिशेब करू. समजा, भांडुपच्या एका कारखान्यातल्या फिटरची नोकरी २२ वर्षं झाली आहे आणि शेवटचा मासिक पगार, म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, १३,००० रुपये आहे. १९७२ च्या जुन्या ग्रॅच्युइटी कायद्याचं सूत्र आपल्याला ठाऊक आहे. महिन्याचे २६ दिवस धरायचे आणि दर वर्षाचे १५ दिवस मोजायचे. वर्षाला ७,५०० रुपये, बावीस वर्षांचे १ लाख ६५ हजार. कारखाना कायदेशीररीत्या बंद झाला तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे बंदची नुकसानभरपाई वेगळी, तीही दर वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी. त्यात थकलेला पगार, शिल्लक रजा, बोनस मिळवा. त्या घरासाठी ही रक्कम म्हणजे मुलीचं कॉलेज असतं, गावाकडच्या घराचं छप्पर असतं, नाहीतर चाळीतल्या खोलीचं कर्ज असतं.

ही रक्कम ठरायला मात्र वर्षं लागतात. तक्रार, लेखी कैफियत, साक्षी, उलटतपासणी, निकाल, मग हायकोर्ट. तोपर्यंत कंपनीकडे काही उरलंय का? उपनगरातल्या जुन्या कारखान्यांची गंमत बघा. यंत्रं भंगाराच्या भावाची झालेली, बाजारात नाव राहिलेलं नाही, पण पायाखालची जमीन मात्र सोन्याच्या मोलाची. म्हणजे कामगाराची देणी भागवू शकेल अशी एकच वस्तू शिल्लक असायची, आणि तीच विकली जात असायची. एकदा ती गेली की निकाल हातात घेऊन वसुली करायची कोणाकडून?

१९७५ चे तीन महिने

योगायोग असा, की या विषयातल्या तीन महत्त्वाच्या गोष्टी १९७५ सालच्या एका उन्हाळा-पावसाळ्यात घडल्या. एक लंडनमध्ये, एक दिल्लीत, एक मुंबईत.

लंडनची आधी. २३ जून १९७५ रोजी तिथल्या अपील न्यायालयाने 'मरेवा' नावाच्या जहाजाच्या खटल्यात हुकूम दिला. जहाजमालकांनी जहाज एका कंपनीला भाड्याने दिलं होतं. त्या कंपनीने ते पुढे भारत सरकारला पोटभाड्याने दिलं, खत वाहून आणण्यासाठी. भारत सरकारने आपलं भाडं लंडनच्या बँकेत भरलं, पण मधल्या कंपनीने जहाजमालकांना हप्ते देणं थांबवलं. जहाजमालकांना भीती वाटली की खटला चालेपर्यंत बँकेतले पैसे देशाबाहेर जातील. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी ते पैसे हलवू नयेत असा हुकूम दिला. तोवर इंग्रजी कायद्यात सर्वसाधारण समज अशी होती की निकालाआधी ऋणकोच्या मिळकतीला हात लावता येत नाही. ती समज त्याच सुमारास मोडली. 'मरेवा' हे नाव पुढे अशा गोठवण्याच्या हुकमांनाच चिकटलं.

आपल्याकडे ही सोय मुळीच नव्हती असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ३८, नियम ५ प्रमाणे निकालापूर्वी जप्ती मागता येते. पण अट कडक आहे. प्रतिवादी पुढच्या निकालाची वसुली टाळण्याच्याच हेतूने मिळकत विकतोय किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर नेतोय, हे दाखवावं लागतं. आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम मिळतो. तिथे तीन गोष्टी पाहतात : प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, सोयीचं पारडं कोणाकडे झुकतं, आणि हुकूम न दिल्यास भरून न येणारं नुकसान होईल का. कागदावर हे कामगारालाही खुलं होतं. प्रश्न इतकाच, की कामगाराने दिवाणी कोर्टात जावं का?

त्याचं उत्तर २६ ऑगस्ट १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलं, आणि खटला थेट आपल्या उपनगरातला होता. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स, आपल्या फियाट-पद्मिनीवाली. कंपनीने एका संघटनेशी प्रोत्साहन-वेतनाचा करार केला. काही कामगारांचं म्हणणं होतं की हा करार आमच्यावर बंधनकारक नाही. ते मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात गेले आणि कंपनीने तो करार अमलात आणू नये असा मनाई हुकूम मागितला. खालच्या न्यायालयांत त्यांना यश आलं. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. सूत्र असं : कामगाराचा हक्क जर औद्योगिक विवाद कायद्यातूनच जन्मलेला असेल, तर दादही त्याच कायद्याच्या वाटेने मागायची, दिवाणी कोर्टात नाही. हक्क सर्वसाधारण कायद्यातला असेल तर कामगाराला दोन्हींतली एक वाट निवडता येईल.

याचा परिणाम नीट लक्षात घ्या. त्या काळी औद्योगिक विवाद कायद्याची वाट म्हणजे आधी समेट, मग सरकारकडे अहवाल, मग सरकारने वाटलं तर न्यायाधिकरणाकडे निर्देश. सरकारने निर्देश केल्याशिवाय न्यायाधीशापुढे उभंही राहता येत नव्हतं. अंतरिम सवलत न्यायाधिकरण देऊ शकत होतं, तसं १९५९ च्या हॉटेल इंपीरियल खटल्यात मान्य झालं होतं. पण तिथे पोचेपर्यंत ट्रक निघून गेलेला असायचा. दिवाणी कोर्टाचं दार बंद झालं आणि दुसरं दार मंत्रालयाच्या परवानगीने उघडणारं.

आणि मग बरोबर तेरा दिवसांनी, ८ सप्टेंबर १९७५ रोजी, मुंबईत तिसरी गोष्ट घडली. महाराष्ट्राचा 'कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत' १९७१ चा कायदा अमलात आला. एमआरटीयू-पल्प म्हणून जो सगळ्यांना ठाऊक आहे, तोच. १९६८ साली राज्य सरकारने अनुचित कामगार प्रथांबाबत एक समिती नेमली होती, तिच्या अहवालातून हा कायदा आला. केंद्राच्या कायद्यात अनुचित प्रथांची यादी यायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. या बाबतीत महाराष्ट्र पुढे होता.

कलम ३०(२) : कामगाराचा स्वतःचा स्टे

या कायद्याने दोन गोष्टी बदलल्या. पहिली, सरकारच्या निर्देशाची वाट पाहायची गरज उरली नाही. युनियन किंवा कामगार थेट तक्रार दाखल करू शकतो, प्रथा घडल्यापासून ९० दिवसांत. दुसरी, कलम ३०(२). तक्रार चालू असताना न्यायालयाला योग्य वाटेल तो अंतरिम हुकूम देता येतो. त्यात मनाई हुकूम येतो, आणि ज्या प्रथेबद्दल तक्रार आहे ती तात्पुरती मागे घ्या असा आदेशही येतो.

आता वकिलांनी काय केलं बघा. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. तिच्यातली नववी बाब आहे निवाडा, तडजोड किंवा करार न पाळणं. पगार देणं हा करार आहे, आणि युनियनशी झालेल्या तडजोडीत पगाराचे आकडे लिहिलेले आहेत. ते देत नाही म्हणजे नववी बाब मोडली. आणि तो देण्याची एकमेव शक्यता असलेली जमीन विकतोय, म्हणजे अंतिम निकाल निरर्थक करतोय. म्हणून कलम ३०(२) खाली रोखा. उपनगरातल्या कामगार वकिलीत या मांडणीचा चांगला जम बसला. वांद्र्याच्या औद्योगिक न्यायालयाचे जिने चढलेल्या कोणाही जुन्या कार्यकर्त्याला 'आयटम नाईन' आणि 'थर्टी-टू' हे शब्द तोंडपाठ असतात.

नववी बाब किती लांब जाऊ शकते, हे १९८६ च्या एस. जी. केमिकल्स खटल्यात दिसलं. कंपनीचा कारखाना ट्रॉम्ब्याला आणि कार्यालय चर्चगेटला. कंपनीने परवानगी न घेता चर्चगेटचा विभाग बंद केला. सर्वोच्च न्यायालयाने कारखाना आणि कार्यालय हा एकच व्यवहार मानला, परवानगीशिवाय केलेला बंद बेकायदा ठरवला, आणि ती अनुचित प्रथा आहे हेही मान्य केलं. म्हणजे कायद्याने घातलेल्या अटीसुद्धा कराराचा भाग म्हणून वाचल्या गेल्या.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. २००१ च्या सिप्ला खटल्यानंतर, तुम्ही मुळात या मालकाचे कामगार आहात की नाही याबद्दलच वाद असेल, तर या कायद्याखालच्या न्यायालयात आधी दाद मिळत नाही. कंत्राटदारामार्फत वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांसाठी हे दार तिथेच अरुंद झालं. शिवाय हुकूम मालकावर असतो. तो मोडला तर शिक्षा होऊ शकते. पण जमिनीवर आधीपासून ज्याचा हक्क आहे, त्या तिसऱ्या माणसाचं काय?

तिसरा माणूस : बँक

ही जागा नीट समजून घेऊ, कारण बहुतेक लढे इथेच अडले.

कारखान्याची जमीन बँकेकडे गहाण असते. बँक तारणदार धनको आहे, म्हणजे तिच्या कर्जामागे वस्तू उभी आहे. कामगार बिनतारणी धनको आहे, त्याच्यामागे फक्त त्याचं म्हणणं उभं आहे. स्टे घेतला म्हणून कामगार तारणदार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या रमण टेक खटल्यात निकालापूर्वीच्या जप्तीबद्दल हेच ठणकावून सांगितलं. या तरतुदीचा हेतू बिनतारणी कर्जाला तारणी कर्ज बनवणं हा नाही, आणि दावा खरा आहे एवढ्यावर जप्ती मिळत नाही. तो खटला व्यापाऱ्यांमधला होता, पण मालकाची मिळकत गोठवायला निघालेल्या प्रत्येकाला तो आडवा येतो.

काही जण विचारतात, दावा चालू असताना जमीन विकता येत नाही असा कायदा आहे ना? आहे, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. पण ते त्या दाव्यांना लागू होतं ज्यांत जमिनीवरचा हक्कच वादात आहे. कामगाराचा वाद पैशाचा आहे, जमिनीचा नाही. शिवाय बृहन्मुंबईत १९३९ च्या दुरुस्तीपासून अशा दाव्याची नोटीस नोंदवावी लागते, नाहीतर खरेदीदाराला ते कलम लागत नाही. म्हणजे इथेही कामगाराच्या हाती काही नाही.

मग बदल आला कुठून? संसदेतून. डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल टेक्स्टाईल वर्कर्स युनियनच्या खटल्यात, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जात कामगारांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, असं बहुमताने ठरवलं. कंपनी ही फक्त भागधारकांची नाही, हा विचार त्यातून रुजला. १९८५ साली कंपनी कायद्यात कलम ५२९-अ आलं. कंपनी गुंडाळताना कामगारांची देणी आणि तारणदार बँकांची देणी एकाच पायरीवर.

आकड्यांत सांगतो, म्हणजे फरक कळेल. समजा जमिनीचे १०० कोटी आले. बँकेचं कर्ज १८० कोटी, कामगारांची देणी २० कोटी. जुन्या नियमाने १०० च्या १०० कोटी बँकेचे, कामगाराला शून्य. नव्या नियमाने दोघांची देणी मिळून २०० कोटी, त्यात कामगारांचा वाटा दहावा, म्हणून त्यांना १० कोटी. निम्मेच मिळाले, पण शून्याऐवजी निम्मे. पन्नास स्टेंनी जे झालं नसतं ते कायद्याच्या एका कलमाने केलं. म्हणून आपण म्हणतो की रोखणं वेगळं आणि रांगेत जागा मिळणं वेगळं.

कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज : वेळेचा उपयोग

स्टेचा वेळ कशासाठी वापरता येतो याचं आपल्या भागातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज. कमानी कुटुंबात भांडणं, कंपनी कर्जात, वीजबिल थकल्याने वीज तोडलेली. १९८५ साली कारखाना बंद पडला. अशा वेळी नेहमीची वाट काय? गुंडाळणीचा अर्ज, शासकीय अवसायक, लिलाव, आणि दहा-पंधरा वर्षांनी मिळाला तर वाटा.

कमानी एम्प्लॉईज युनियनने वेगळा प्रश्न विचारला. कारखाना विकून आमची देणी द्या असं म्हणण्याऐवजी, कारखाना आम्हालाच चालवायला द्या असं म्हटलं तर? युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रकरण आजारी उद्योगांसाठी नव्याने सुरू झालेल्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे, म्हणजे बीआयएफआरकडे, आलं. कामगारांनी एक योजना मांडली : जुन्या मालकांचे शेअर एक रुपयाला एक या दराने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे यावेत, बँकांनी सवलत द्यावी, कामगार स्वतःच्या पैशातून भांडवलाचा वाटा उचलतील. कुटुंबातल्या काहींनी विरोध केला. सप्टेंबर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजनेला मोकळी वाट दिली. बंद पडलेला कारखाना कामगारांच्या मालकीने पुन्हा सुरू झाला. देशभर त्याची चर्चा झाली.

तो कायमचा टिकला नाही, पुढे पुन्हा अडचणीत आला. पण आपल्या विषयापुरता धडा पक्का आहे. मिळकत शाबूत ठेवणं हे त्या लढ्याचं साधन होतं. मिळकत रोखून धरली त्या काळात कामगारांच्या हातात पूर्ण योजना होती, म्हणून न्यायालयाला मान्य करायला काहीतरी होतं.

बीआयएफआरच्या कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नंतरच्या दुरुस्तीने त्यात कलम २२-अ आलं आणि मंडळाच्या संमतीशिवाय कंपनीने मिळकत विकू नये असा हुकूम देता येऊ लागला. चांगलंच आहे. पण त्याच कायद्याचं कलम २२ कंपनीविरुद्धची वसुलीही थांबवायचं. त्या छत्रीखाली बऱ्याच कंपन्या वर्षानुवर्षं बसून राहिल्या. एकच गोठवणूक, मालकाचे हात बांधणारी आणि कामगाराचेही.

महापालिकेच्या फाइलमधली किल्ली

आता उपनगराच्या इतिहासातली एक गोष्ट, जिच्याकडे कायद्याची पुस्तकं फारसं लक्ष देत नाहीत. कामगारांची देणी मिळवून देण्यात इथे एका कोर्टाबाहेरच्या कागदाचा मोठा हात आहे.

कारखान्याची जमीन औद्योगिक पट्ट्यात असते. तिच्यावर घरं किंवा दुकानं बांधायची तर वापर बदलावा लागतो, महापालिकेची परवानगी लागते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, औद्योगिक पट्ट्यांच्या नियमांत, एक अट होती : बंद पडलेल्या उद्योगाच्या जमिनीवर असा बदल हवा असेल तर कामगार आयुक्तांचं ना-हरकत पत्र आणा. कामगारांची सगळी कायदेशीर देणी दिली आहेत किंवा त्याबद्दल मालक-कामगारांमध्ये समाधानकारक व्यवस्था झाली आहे, असं त्यात हवं. आणि व्यवस्थेच्या भरवशावर काम सुरू झालं, तरी देणी नसल्याचा दाखला आल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही.

याचं महत्त्व काय? स्टे आला की विकासकाचा वकील हायकोर्टात जाऊन तो उठवायचा प्रयत्न करतो. पण ना-हरकत पत्राविरुद्ध कोणाला अपील करायचं? पैसे दिल्याशिवाय टॉवरला ओसी नाही, ओसीशिवाय फ्लॅटचा ताबा रखडतो. म्हणजे पहिल्यांदाच कामगाराचं देणं आणि जमिनीचं नवं मोल यांची गाठ एका कागदावर बसली. ज्या युनियनांना हे वेळेत कळलं, त्यांनी कोर्टातला स्टे आणि कामगार आयुक्तांकडची हरकत हे दोन्ही एकदम चालवले. स्टेने मालक बोलणीच्या टेबलावर आला, आणि ना-हरकत पत्राने तो टेबलावर बसून राहिला.

याला काळी बाजूही होती. देणी किती, हे कामगार भवनातल्या यादीवर ठरायचं. यादीत कोण? कायम कामगार. बदली, हंगामी, कंत्राटी माणसं यादीबाहेर. 'समाधानकारक व्यवस्था' या दोन शब्दांत खूप काही मावतं. थकून गेलेल्या माणसाने निम्म्या रकमेच्या पावतीवर पूर्ण समाधानाची सही केली, तर कागद स्वच्छ होतो.

अंधेरीची जेट : गोठवलं कोणासाठी?

आता अलीकडे येऊ. कारखान्यांच्या जागी सेवा-उद्योग आले. अंधेरी पूर्वेला सिरोया सेंटरमध्ये मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणं थांबवली. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले. त्यांत अंधेरी, मरोळ, साकीनाका, बोरिवलीत राहणारे कितीतरी. २० जून २०१९ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम १४ आहे. अर्ज दाखल करून घेतला की स्थगिती लागू. कोणी दावा लावायचा नाही, वसुली करायची नाही, कंपनीनेही मिळकत विकायची नाही. म्हणजे ज्या गोठवणुकीसाठी पन्नास वर्षं कामगार कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता, ती आता आपोआप मिळते. पण तिची किल्ली धनकोंच्या समितीकडे. समितीत बँका बसतात, मतं कर्जाच्या प्रमाणात. कामगाराला मत नाही.

मग कर्मचाऱ्यांना मिळालं काय, आणि कशामुळे? संहितेच्या कलम ३६ मध्ये लिहिलंय की पीएफ, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतलं कामगारांचं देणं अवसायनाच्या मिळकतीत धरायचंच नाही. ते पैसे कंपनीचे नाहीतच. याच धाग्याला धरून कर्मचाऱ्यांच्या संघटना अपील न्यायाधिकरणात गेल्या. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल आला की दिवाळखोरी सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी लागेल. ३० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पण पैसे द्यायची जबाबदारी ज्यांच्यावर आली, त्या नव्या खरेदीदारांची योजनाच पुढे सरकली नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

अवसायनाच्या रांगेत गेल्या २४ महिन्यांची कामगार देणी तारणदारांच्या बरोबरीने, आणि कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी एक पायरी खाली. पीएफ-ग्रॅच्युइटी मात्र रांगेच्या बाहेर. हक्काचा निकाल हातात आहे, पैसे विमानांच्या आणि सुट्या भागांच्या विक्रीच्या वाटेवर. इथे पुन्हा तेच दिसतं. उपयोगी पडलं ते 'हे देणं त्या मिळकतीत मोडतच नाही' असं सांगणारं कलम.

शेवटी दोन प्रश्न

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथेच जोडतो.

पहिला : मग स्टे मागूच नये का? मागावा, आणि लवकर मागावा. पगार थकल्यावर नव्वद दिवसांचं घड्याळ चालू होतं. अर्जात 'कंपनीची सगळी मिळकत' असं लिहून चालत नाही. प्रॉपर्टी कार्डावरचा भूखंड, यंत्रांची यादी, विक्रीची जाहिरात, बाहेर गेलेल्या मालाची तारीख, असं नेमकं असलं पाहिजे. प्रत्येक कामगाराच्या देण्याचा तक्ता सोबत हवा. मालक वसुली टाळण्यासाठीच विकतोय हे दाखवणारा एक खरा कागद, दहा भाषणांपेक्षा मोलाचा. आणि त्याच आठवड्यात बँकेचं गहाण किती, पीएफ कार्यालयाची वसुली कुठवर, महापालिकेत कुठला अर्ज पडलाय, हेही पाहावं.

दुसरा : १९४७ चा कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली, मग हा इतिहास कशाला? कलमांचे आकडे बदलतील, न्यायाधिकरणांची नावं बदलतील. कारखाना बंद पडल्यावर मिळकत कोणासाठी राखायची, हा प्रश्न बदलत नाही. कुर्ला-विद्याविहारच्या बाजूला 'प्रीमियर रोड' हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या रस्त्याने जाताना उजवी-डावीकडच्या इमारती बघाव्यात, आणि त्यांच्या पायाखालच्या जमिनीत कोणाकोणाची किती देणी मिसळली आहेत याचा विचार करावा. ज्यांची देणी भागली, त्यांनी स्टेनंतरचं काम केलं होतं. आज एखाद्या बंद गेटवर उभ्या असलेल्या माणसाला आपण एवढंच सांगू शकतो : हुकूम मिळाला की पेढे वाटायच्या आधी रांगेतली आपली जागा विचारून घ्या.